दैनिक ठणठणीतच्या संपादकबाई

अल्लीपूरच्या संपादकबाईंना अर्धी बातमी चालत नसे. नांदेडच्या काकांनी एकदा सकाळी ग्रुपवर लिहिलं, 'आज अंगणात साप निघाला.' काकांच्या दृष्टीनं बातमी संपली होती. दोन मिनिटांत बाईंचा आवाज आला. ग्रुपवर त्या लिहीत नसत, बोलूनच पाठवत. "काका, कोनता साप? केवढा? तुमी कुठं उभे होते? मारला का सोडला? अन् काकू काय म्हने? साप निघाला म्हनजे बातमी नाई होत. साप तं निघतेच." काकांनी बिचाऱ्यांनी मग अर्धा तास खपून सगळं लिहिलं आणि त्यातून असं निष्पन्न झालं, की तो साप नव्हताच. पिठाच्या गिरणीचा तुटलेला पट्टा होता. काका त्याला काठीनं बडवत होते आणि काकू मागं उभ्या राहून त्याचा व्हिडिओ काढत होत्या. आम्ही सगळे दिवसभर हसत होतो.

सगळे म्हणजे सहा जण. आमच्यापैकी कोणीही कोणाला पाहिलेलं नव्हतं. ओळख झाली ती मोबाइलवरच्या एका व्हिडिओखाली. किडनीच्या पेशंटनं काय खावं, असा तो व्हिडिओ होता आणि त्याखाली शेकडो लोक आपापले रिपोर्ट लिहून देवाला आणि डॉक्टरला एकाच वाक्यात विनवत होते. त्या गर्दीत कोणीतरी विचारलं होतं, पेरू चालतो का? आणि त्याला एक उत्तर होतं, 'चालत नाही. मी काल चोरून अर्धा खाल्ला. लई गोड होता.' उत्तर देणारी बाई अल्लीपूरला अंगणवाडी सेविका होती. त्या उत्तरावर हसलेल्या पाच जणांना शोधून तिनं आठ दिवसांत वेगळा ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं, 'दैनिक ठणठणीत'. सहापैकी एकाचीही किडनी चालत नव्हती. आठवड्यातून दोनदा, कोणी तीनदा, चार-चार तास मशीनला लागून रक्त धुऊन घ्यायचं, त्यावर सगळ्यांचा जीव तगलेला होता.

दैनिकाचा नियम एकच होता, आणि तो फार कडक होता. आजाराची बातमी टाकायची नाही. क्रिॲटिनीन किती, हिमोग्लोबिन किती, सूज कुठं आली, यातलं एक अक्षर लिहिलं की दोन दिवस ग्रुपबाहेर. सकाळची फुलं, सुविचार, हात जोडलेली चित्रं यांनाही तीच शिक्षा. मला पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं होतं. मी 'आज बीपी वाढला' एवढंच लिहिलं होतं. परत घेताना बाई म्हणाल्या, "भाऊ, तुहा बीपी मशीनले सांग, डॉक्टरले सांग. आमाले दिवस सांग. आज तुह्या दिवसात काय झालं?" मी आर्वीला एका शाळेत लिपिक आहे. माझ्या दिवसात काय होणार, असं मला वाटलं. पण त्या संध्याकाळी मी लिहिलं, की शाळेची घंटा टांगलेल्या झाडाच्या खोडात सुतार पक्ष्याच्या जोडीनं खटपट चालवली आहे आणि शिपाई घंटा वाजवताना आता जरा हळू वाजवतो. बाईंनी पाच प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून तीनदा उठून त्या पक्ष्यांना बघून आलो. आजारी पडल्यापासून मी कशासाठीही खुर्चीतून तीनदा उठलो नव्हतो.

बाईंच्या स्वतःच्या बातम्या अंगणवाडीच्या आणि एसटीच्या असत. अल्लीपूरहून वर्ध्याला डायलिसिसला जायची त्यांची बस ठरलेली होती आणि त्या बसमध्ये दर खेपेला काहीतरी घडायचंच. एक म्हातारी बकरीचं पिल्लू पिशवीत लपवून आणते, कंडक्टर विचारतो पिशवीत काय आहे, म्हातारी म्हणते भाजी, आणि भाजी ओरडते. अंगणवाडीतला एक पोरगा खिचडीत मीठ कमी आहे म्हणून वाटी घेऊन थेट सरपंचाच्या घरी तक्रार करायला जातो. हे सगळं त्या अगदी सपाट आवाजात सांगत. स्वतः कधी हसत नसत. मशीनवर असतानाच बातमी पाठवायची त्यांना सवय होती, त्यामुळे मागं तो बारीक टीं-टीं आवाज सतत ऐकू यायचा. शेवटी म्हणायच्या, "झालं. जयभीम. आता तुमची आनजा."

ग्रुपमध्ये सांगलीची एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. तिच्या बातम्या सगळ्यात छान असत, कारण तिला खोटं मिसळता यायचं आणि बाईंना ते कळायचं. ती गेली तेव्हा तिच्या भावानं तिच्याच नंबरवरून आम्हाला कळवलं. आमच्यापैकी एकानं लगेच हात जोडलेलं चित्र टाकलं. बाईंनी ते पुसून टाकलं. मग त्यांचा आवाज आला. त्या वेळी तो सपाट नव्हता. "कोनी फुलं टाकू नका. तिनं परवा सांगितलेली रिक्षावाल्याची बातमी अर्धी राह्यली होती. मी तिले विचारलं होतं का तो रिक्षावाला मंग गेला कुठं. आता हे आपल्याले कधीच नाई समजनार. एवढंच मले म्हनायचं आहे." त्यानंतर दोन दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बकरीच्या म्हातारीची पुढची बातमी आली.

माझ्याशी मात्र त्या आजाराचं बोलत. ग्रुपवर नव्हे, वेगळं. कारण असं होतं, की आमच्या दोघांचा रक्तगट एक होता आणि नागपूरच्या एकाच हॉस्पिटलात आम्ही नाव नोंदवलेलं होतं. घरचं कोणी किडनी देण्यासारखं नसलं, की तिथल्या यादीत नाव लावून थांबावं लागतं. मेंदू मृत झालेल्या कोणाच्या घरच्यांनी दान केलं, तर यादीतल्या माणसाला फोन येतो. माझ्या घरी आईला साखरेचा त्रास होता आणि बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. बाईंचे यजमान पूर्वीच वारले होते आणि धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी तपासून नाही म्हटलं होतं. "आपन दोघं एकाच लायनीत उभे आहोत, भाऊ," त्या म्हणायच्या. "फक्त मी तुह्या पुढं आहो." मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कोणीतरी पुढं असणारच. त्या असाव्यात हे बरंच होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या हाताची नस बंद पडली. मशीनला लागायला हातात एक नस तयार करून घेतलेली असते. ती बंद झाली, की मानेत नळी घालतात आणि ती नळी कायम बाहेर राहते. बाईंनी ग्रुपवर यातलं काहीच सांगितलं नाही. गळ्याभोवती ओढणी घेऊन अंगणवाडीत गेल्याची बातमी तेवढी आली. मला वेगळं सांगितलं, की लेकरं विचारतात, मॅडम, तुमच्या गळ्यात वायर काऊन आहे? आणि त्या सांगतात, चार्जिंगची आहे. पुढं एका मंगळवारी संध्याकाळी त्यांचा मला आवाज आला. "आज मशीनवर थंडी वाजून आली रे. दात वाजून राह्यले होते माहे. ताप एकशे दोन. इंजेक्शन देल्लं, आता उतरला. नळीत काही झालं असन. ग्रुपवर नको बोलजो."

फोन गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला आला. मी शाळेत दाखल्यांवर शिक्के मारत होतो. हॉस्पिटलमधल्या समन्वयक बाईंनी सांगितलं, एक किडनी मिळण्याची शक्यता आहे, तुमचा नंबर दुसरा आहे, काही खाऊ नका, लगेच निघा. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात. पहिल्याचं जुळलं नाही किंवा त्याला काही त्रास निघाला, तर दुसऱ्याला देतात. बाकीचे परत जातात. हे मला माहीत होतं. मित्राची गाडी घेऊन बायको आणि मी निघालो. पहिला नंबर कोणाचा, असा विचार वाटेत माझ्या मनात आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला होता. मी तो पुढं जाऊ दिला नाही.

तिथं वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात बाकावर एक लहानशी बाई बसली होती. लहानशी म्हणजे इतकी, की पाय जमिनीला टेकत नव्हते. निळी ओढणी गळ्याभोवती. शेजारी तिच्यासारख्याच चेहऱ्याची दुसरी बाई, पिशवी मांडीवर घेऊन. मी पुढं निघून गेलो होतो. मागून आवाज आला, "काही खाल्लं-बिल्लं नाई ना, भाऊ?" दोन वर्षं मी तो आवाज रोज ऐकत होतो. वळून पाहिलं तर संपादकबाई. त्यांनी मला कसं ओळखलं विचारलं, तर म्हणाल्या, "आर्वीचा मानूस असाच चालते. कुठं पोचाचं आहे हे माहीत नसल्यावानी." मग बहिणीकडे वळून सांगितलं, "हा घंटेच्या पाखराचा."

आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून दोघंही जरा लाजलो होतो. बायको त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय वर घेतले. पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "पयला नंबर माहा आहे. तुहा दुसरा न?" मी हो म्हटलं. त्यांनी बहिणीला पाणी घेऊन ये म्हणून पाठवलं. आम्हाला दोघांनाही पाणी चालणार नव्हतं. ती गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगळवारचा ताप मी इथं नाई सांगत. आज नाई आहे ताप. सकाळी मोजला. तू बी सांगू नको."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. किडनी बसवल्यावर शरीरानं ती परकी म्हणून फेकून देऊ नये यासाठी अंगातली प्रतिकारशक्ती औषधं देऊन मारून टाकतात. अशा वेळी रक्तात जंतू लपलेले असले, तर माणूस आठ दिवसांत जातो. हे आम्हाला नाव नोंदवतानाच समजावलेलं होतं, पुन्हा पुन्हा. बाईंनाही समजावलेलं होतं. आत नेऊन डॉक्टरांनी त्यांना विचारलं, गेल्या आठवड्यात ताप, खोकला, थंडी वाजणं? दार उघडं होतं. त्यांचा सपाट आवाज बाहेर ऐकू आला, "नाई, साहेब. काहीच नाई."

मी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेलो. तिथल्या खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. एक माणूस सायकलला बांधलेल्या शिडीसकट वळायचा प्रयत्न करत होता आणि दोन्हीकडची वाहनं थांबली होती. मी त्याच्याकडे बघत किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात दोन वाक्यं होती. बाई मरतील, हे एक. आणि मग ती मला मिळेल, हे दुसरं. मी पहिलं वाक्य पुढं करत होतो आणि दुसरं त्याच्या मागून डोकावत होतं. शेवटी मी समन्वयक बाईंच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "त्यांना मंगळवारी डायलिसिसवर थंडी वाजून ताप आला होता. एकशे दोन. मानेत नळी आहे." समन्वयक बाईंनी मला विचारलं नाही, की तुम्हाला कसं माहीत. फक्त फाइल उचलून त्या आत गेल्या.

रक्त पुन्हा घेतलं. वर्ध्याला फोन झाले. दोन तासांनी डॉक्टर बाहेर येऊन संपादकबाईंच्या शेजारी बाकावर बसले. अतिशय समजूतदार माणूस होता. पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, नळी बदलावी लागेल, आज ऑपरेशन म्हणजे धोका आहे, तुमचं नाव यादीत तसंच राहील, असं त्यांनी सांगितलं. बाई मान हलवत होत्या. बहीण रडायला लागली. बाईंनी तिच्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली आणि चेन लावली. मग माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी बसलेलो, त्या उभ्या, तरी आमचे चेहरे जवळपास एका रेषेत होते.

"तूच सांगितलं?"

"हो, ताई."

"मी मरू नाई म्हनून सांगितलं, का तुले भेटावी म्हनून?"

"मला माहीत नाही, ताई."

त्यांनी गळ्यावरची ओढणी सारखी केली. "बरं," म्हणाल्या. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "याचे नखं कापून घे वं. मंग आत नेतीन, तवा राहून जाते." आणि बहिणीचा हात धरून जिना उतरून गेल्या. लिफ्ट होती, पण त्या जिन्यानं गेल्या.

मी शुद्धीवर आलो त्यानंतर दोन दिवसांनी बायकोनं मला फोनवरचा आवाज ऐकवला. दैनिक ठणठणीतवर बाईंची बातमी होती. दुसऱ्या दिवशी नागपूरहून येताना त्या पवनारला उतरल्या होत्या. बहीण नको म्हणत असताना उतरल्या. धाम नदीच्या पुलाखाली खडकावर बसल्या. एक काकडीवाली भेटली, तिला विचारलं तुझं दिवसभर काय झालं, तर ती म्हणाली एका गाईनं टोपली पाडली आणि काकड्या पाण्यात वाहत गेल्या, आणि खालच्या अंगाला कपडे धुणाऱ्या बायांनी त्या धरून धरून खाल्ल्या. पाण्यात पाय सोडले तर मासोळ्या टाचेला टोचत होत्या. अंधार पडायच्या आत वर्ध्याची बस मिळाली. सगळं सांगून झाल्यावर त्याच आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "अन् दुसरी बातमी. आपल्या आर्वीच्या भावाले किडनी भेटली. ऑपरेशन झालं. त्याले आठ दिवस कोनी प्रश्न विचारू नका." आपण स्वतः नागपूरला कशाला गेलो होतो, हे त्यांनी सांगितलं नाही. अर्धी बातमी दिल्याची ती मला माहीत असलेली त्यांची एकच वेळ. काकांनाही ती अर्धी आहे हे कळलं नाही.

मी घरी आलो. मास्क, गोळ्या, वेगळी खोली. महिन्याभरानं मी दैनिकात पुन्हा बातम्या देऊ लागलो. खिडकीतून जे दिसे ते लिहायचो. समोरच्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घातले, माकडं आली, सासूसुना दोन्ही बाजूंनी धावल्या. सगळ्यांचं उत्तर यायचं. बाईंचं नाही यायचं. त्या काकांना प्रश्न विचारायच्या, बाकीच्यांनाही खोदून खोदून विचारायच्या. माझ्या बातमीखाली त्यांचा एकही प्रश्न येत नसे. इतरांच्या ते लक्षात आलं नाही. मी मात्र रोज मुद्दाम बातमीतलं काहीतरी गाळत असे. ते विचारायला तरी बाई बोलतील, असं वाटायचं. पाच महिने त्या बोलल्या नाहीत.

पाच महिन्यांनी मी न विचारताच अल्लीपूरला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणवाडीवाल्या मॅडम कुठं राहतात म्हटल्यावर चार लेकरं पुढं धावली. छपरीत खाट होती, भिंतीवर बुद्धाचा फोटो, खुंटीला ती निळी ओढणी. बाई खाटेवर बसल्या होत्या. अंगातलं मांस गेलं होतं, चेहरा काळवंडला होता, आणि मानेतली नळी आता दुसऱ्या बाजूला होती. मला बघून त्यांनी बहिणीला खुर्ची आणायला सांगितलं, ती दूर ठेवायला लावली. "इन्फेक्शन होईन तुले. तिथंच बस."

मी म्हणालो, "ताई, तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

"राग आला होता मले," त्या म्हणाल्या. "अजूनई येते. मी मेली असती, हे मले समजते. डॉक्टरनं सांगितलं, सगळे सांगतेत. समजून राग जात नाई न भाऊ. सकाळी उठली का पयले येते. मंग चहा पेते, मंग कमी होते."

बाहेर लेकरं एकमेकांना ढकलत दारातून डोकावत होती, त्यांना बाईंनी हातानंच घरी जा म्हणून खूण केली. मग खाटेवर नीट मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांग. ऑपरेशन झाल्यावर पयल्यांदा लघवी झाली तवा कसं वाटलं? पुरी सांगजो." डायलिसिसवरच्या माणसाची लघवी बंद होते. त्यांची सहा वर्षांपासून बंद होती. माझी चार वर्षं बंद होती. आम्ही कोणालाही न सांगता या एका गोष्टीची स्वप्नं बघत असतो. मी सांगितलं. पिशवी भरत गेलेली पाहून बायको रडली, नर्सनं ती उचलून उजेडात धरली, मग नळी काढल्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो, भिंतीला हात टेकला आणि आवाज ऐकून स्वतःच दचकलो. बाई ऐकत होत्या. किती वेळ लागला? रंग कसा? भिंतीले कोनता हात टेकला? नर्स कुठली होती? मी एकेकाचं उत्तर देत गेलो. मध्येच बाई हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसत होत्या. दारात उभी असलेली बहीण मात्र हसत नव्हती.

निघताना त्या म्हणाल्या, "पुन्हा नको येऊ. तुले बसमधी खोकलनारे लोकं भेटतेत. फोनवर देजो बातमी." त्या रात्रीपासून माझ्या बातम्यांखाली प्रश्न यायला लागले.

दीड महिन्यानं त्या गेल्या. वर्ध्याला मशीनवरच, सकाळच्या पाळीत. हृदय थांबलं. ग्रुपवर ती बातमी मीच दिली, कारण बहिणीनं फोन मला केला होता. जेवढं तिनं सांगितलं तेवढं सगळं लिहिलं. बसमधून जाताना त्यांनी कंडक्टरला काय विचारलं, मशीनला लावायच्या आधी वजन किती भरलं, शेवटचं कोणाशी बोलल्या. वजनाचा आकडा लिहिला म्हणून मला ग्रुपबाहेर काढणारं आता कोणी नव्हतं. काकांनी आठ दिवसांनी एकच ओळ टाकली, 'आता कोण विचारणार?' त्यानंतर ग्रुपवर काही आलं नाही. तो अजून फोनमध्ये आहे.

पुण्यानुमोदनाला मी अल्लीपूरला गेलो. मांडवात गर्दी होती. अंगणवाडीतल्या बायका एकीकडे बसल्या होत्या. त्रिसरण-पंचशील झालं, सरपंच दोन शब्द बोलले, बसचा कंडक्टर आला होता तोही बोलला. मी मास्क लावून मागं उभा होतो. कार्यक्रम आटोपल्यावर बहिणीनं मला घराच्या बाजूला बोलावलं.

"भाऊ, तुमाले एक सांगाचं आहे. ती जायच्या पंधरा दिवस आधी नागपूरहून पुन्हा फोन आलता. पयलाच नंबर होता. मी पिशवी भरली. गाडीवाल्याले आवाज देल्ला. तिथल्या मॅडमनं फोनवर विचारलं, काही ताप-बीप? तं ही म्हने, काल संध्याकाळी होता, शंभराच्या वर. कोनी विचारलं नसतं तरी सांगितलं असतं तिनं. म्हने, दुसऱ्या नंबरवाल्याले बोलवा, उशीर नका करू. अन् फोन ठेवून देल्ला. मी दोन दिवस बोलली नाई तिच्यासंग."

मी विचारलं, "त्या काही म्हणाल्या का, नंतर?"

"काही नाई. म्हने भूक लागली." बहीण पदरानं हात पुसत होती, हात कोरडेच होते तरी. "तो दुसरा कोन होता, तुमाले माहीत आहे का?"

"नाही."

"कोनाले तरी भेटली असन न?"

"मिळाली असेल."

ती मांडवाकडे बघत होती. पानं मांडणं सुरू झालं होतं. "त्या मानसाचा मले लई राग येते," ती म्हणाली. "मी पाह्यलं बी नाई त्याले. तुमाले पाहून बी येते, खोटं काऊन सांगू. पन जेवून जा, भाऊ. उपाशी नका जाऊ."

बाहेरचं खायला डॉक्टरांनी मला सक्त मना केलं होतं. मी मास्क काढून खिशात ठेवला आणि पंगतीत जाऊन बसलो. तिनं स्वतः येऊन मला वाढलं.